नागपंचमीच्या सुऱ्या

अमरावतीत भाड्याचं घर शोधताना मला सात घरमालक भेटले. पहिल्या सहांनी आडनाव विचारलं, घरात काय शिजतं ते विचारलं आणि पाहुण्यांचा राबता किती याची चौकशी केली. सातव्यांनी यातलं काही विचारलं नाही. वरच्या मजल्यावरच्या खोल्या दाखवल्या, नळाच्या वेळा सांगितल्या आणि म्हणाले, "पुढच्या खेपेले तुमच्या घरची भाजीची सुरी घेऊन या. मंग बोलू."

मी बायकोकडे पाहिलं. ती अकोल्याची, त्यामुळे वऱ्हाडातला माणूस काय बोलेल याचं तिला सहसा नवल वाटत नाही. ती नुसती "बरं" म्हणाली. आमचं बिऱ्हाड तेव्हा अकोल्यात होतं आणि मला अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली होती. पुढच्या रविवारी आधारकार्डांच्या झेरॉक्सबरोबर एक सुरीही वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने अमरावतीला आली. कंडक्टरने पिशवीत काय आहे असं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

त्यांनी सुरी खिडकीच्या उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि मुठीकडून टोकाकडे पाहत गेले. म्हणाले, तुम्ही स्टीलच्या ताटात कांदा चिरता. चिरून झालं की सुरी तशीच बेसिनमध्ये टाकता. दुधाचं पातेलं खरवडायलाही हीच घेता. बायको ज्योतिष्यापुढे बसल्यासारखी मान डोलावत होती. ज्योतिष्याचं इतकं खरं निघालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

"ही पांढरी रेघ दिसते?" त्यांनी मला सुरीची कड दाखवली. "ही धार नव्हे. चांगली धार दिसतच नाही. दिसून राह्यली म्हणजे समजाचं, बोथट झाली."

ग्रंथपालाला विद्वान पुष्कळ भेटतात. हे वाक्य मी त्यांच्यासाठी मनात जपून ठेवलं. घर मिळालं.

सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. ते आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निर्देशक होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण जगातली माणसं ते अजूनही दोनच रांगांत उभी करत: हात बसलेली आणि हात न बसलेली. दुसरी रांग फार लांब होती. तिच्यात आमदार होते, हृदयाचे डॉक्टर होते आणि मी होतो.

घरामागे पत्र्याची एक खोली होती. तिचं नाव वर्कशॉप. आत एक लाकडी बाक, पाण्याची बादली, एक अंग खरबरीत आणि एक अंग मऊ असा धारेचा दगड, आणि फळीवर खिळ्यांनी ठोकलेला चामड्याचा जुना पट्टा. हा पट्टा नोकरीतला. "तीस वर्ष पॅन्ट धरून ठेवली यानं," ते सांगत, "याच्याएवढी नोकरी मीबी नाही केली."

त्यांची रीत ठरलेली होती. दगड पाण्यात ठेवायचा आणि त्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत दुसरं काही बोलायचं. मग सुरी दगडावर आडवी ठेवून तिची पाठ इतकीच उचलायची की खाली दोन नाणी एकावर एक मावतील. नवशिक्याला ते खरोखरच नाणी ठेवायला लावत. तो कोन मुठीपासून टोकापर्यंत ढळता कामा नये, आणि जोर लावायचा नाही. "सुरीचं वजन सुरीले ठाऊक हाय. तुमी नका सांगू." पलीकडच्या अंगाला बोटाला खरखर लागली की सुरी उलटायची. शेवटी पट्ट्यावर आठ-दहा वेळा मागे ओढायची. परीक्षा पिकल्या टमाट्यावर. सुरी टमाट्यावर ठेवून नुसती मागे ओढायची. न दाबता आत गेली तर सर म्हणत, "उतरली." दाबावी लागली तर दगड पुन्हा पाण्यात सोडत.

पाच वर्षांत मला "उतरली" एकदाही मिळालं नाही. मी जोर लावत असे. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला वाटतं, आपण काही केल्याशिवाय काही होणार नाही.

महिन्यातून एकदा ते नळाची तोटी बघायला म्हणून आमच्या स्वयंपाकघरात येत आणि तोटीकडे ढुंकूनही न बघता ओट्याकडे बघत. बायकोने चिरलेली भाजी सुरीच्या धारेने कढईत सारली, तर म्हणत, "बाई, मंग पाठ काहून देली तिले?" लिंबू चिरलेली सुरी क्षणभर ओली राहिलेली त्यांना खपत नसे. आम्ही सुटीत अकोल्याला निघालो की ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून विचारत, सुरीला तेलाचं बोट फिरवलं का? गॅस बंद केला का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्या मेहुण्याने एकदा ऑनलाइन मागवलेला सहा सुऱ्यांचा संच भेट दिला. खोक्यावर 'आयुष्यभर धार' असं छापलेलं होतं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कोणाच्या आयुष्यभर?"

त्यांच्या घरात एकच पातं त्यांच्या राज्याबाहेर होतं, ते काकूंच्या विळीचं. काकू ती लोणच्याच्या बरणीच्या बुडावर, जिथे चिनीमातीला चकाकी नसते तिथे, चार वेळा घासत आणि कामाला लागत. माझ्या विळीला हात लावायचा नाही, असं त्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं म्हणे. विळी उत्तम चालायची. सर तिच्याकडे बघायचं टाळत.

सरांना खरा तिटकारा होता तो चाकाचा. सायकलवर सहाणेचं चाक बसवून धार लावून देणारा एक जण आमच्या भागात फिरायचा. चाळिशीचा, वलगावचा. ठिणग्या उडाल्या की गिऱ्हाइकं खूश होतात, सर म्हणत, पण ती ठिणगी म्हणजे सुरीचं पाणी, पोलादाचा कस, जळतंय. त्यात हा माणूस सरांचाच विद्यार्थी. कानशीने घासताना जोर फार लावायचा म्हणून सरांनी त्याला नापास केलं होतं आणि त्याने आयटीआय सोडलं होतं. सरांच्या फाटकाशी आला की तो सायकलवरून उतरायचा, ओरडणं बंद करायचा, मान खाली घालून सायकल हातात धरून चालायचा, आणि दोन घरं ओलांडली की पुन्हा त्याचं "धाऽऽर" सुरू व्हायचं. एखाद्या देवळासमोरून मिरवणूक वाजंत्री थांबवून जाते तसं.

आता नागपंचमी. त्या दिवशी आमच्याकडे काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडं उकडायची आणि गप्प खायची. म्हणजे वर्षातून हा एक दिवस असा की गल्लीतल्या सगळ्या सुऱ्या रिकाम्या. ही गोष्ट शेकडो वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण तिचा उपयोग सरांनाच सुचला. सकाळी सातला ते बादली घेऊन निघत आणि घरोघरच्या सुऱ्या गोळा करत. कोणाची कुठली ते कळावं म्हणून मुठीला रंगीत लोकरीचा धागा. आमचा हिरवा. संध्याकाळपर्यंत सगळ्या सुऱ्या धार लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून घरपोच.

शेजारच्या गुरुजींनी पहिल्या वर्षी हरकत घेतली होती. ते भिक्षुकी करत आणि कुठल्याही गोष्टीला हरकत घेताना आधी घसा साफ करत. आज लोखंडाला हात लावणं शास्त्राला धरून नाही, असं त्यांनी सांगितलं. सर म्हणाले, "गुरुजी, नागोबाले सुरीचा राग हाय. दगडाचा नाही." दुपारी गुरुजींच्या घरच्या दोन सुऱ्या पिवळा धागा बांधून बादलीत आल्या. शास्त्रात वाट सापडली असावी.

आम्ही तिथे राहायला गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी सरांच्या हातातली बशी वाजू लागली. थोडीच. मग काकूंनी त्यांना चहा बशीऐवजी पेल्यात, तोही अर्धाच भरून द्यायला सुरुवात केली. गल्लीने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्या नागपंचमीला बादली फिरली, सुऱ्या परत आल्या, आणि आमची मी उजेडाकडे धरली तर पांढरी रेघ मला, हात न बसलेल्याला, चष्म्याशिवाय दिसली. कोन ढळला होता. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे "वा, सर" म्हटलं. गुरुजी तर म्हणाले, नागोबाची कृपा आहे.

आठवड्याने बायको कोहळं चिरत होती. सुरी आत जाईना म्हणून तिने दाबली, सुरी घसरली आणि डाव्या अंगठ्यात गेली. तीन टाके पडले. सर नेहमी सांगत की चांगली सुरी भाजी कापते, बोथट सुरी बोट कापते. तेच झालं होतं, त्यांनीच धार लावलेल्या सुरीने.

संध्याकाळी ते फाटकात उभे होते. त्यांनी पट्टीकडे पाहून काय झालं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "दरवाज्यात सापडला, सर."

ते पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिले. ज्या माणसाने तीस वर्षं पोरांची सापडलेली आणि कापलेली बोटं पाहिली, त्याला यातला फरक कळत नाही असं मानायला आम्ही फारच उत्सुक होतो.

"दरवाज्याले धार हाय म्हणा मंग," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर ते तोटी बघायला आले नाहीत. महिने गेले. जिन्यात भेटत, पावसाचं बोलत, सुरीचं नाव काढत नसत. त्यांना कळलं असेल का, या प्रश्नाने मला जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कशाने छळलं नाही. सांगावं तर त्यांचं वर्कशॉप बंद पडणार, आणि वर्कशॉपशिवाय ते कोण उरणार? न सांगावं तर पुढच्या नागपंचमीला आणखी कोणाचा तरी अंगठा. बायकोने विचारलं, "बादली आली की नाही म्हणाची हिंमत हाय का तुमच्यात?" नव्हती. गल्लीत कोणातच नव्हती.

तोडगा गुरुजींनी काढला. घसा साफ करून ते म्हणाले, भावना सांभाळली पाहिजे आणि बोटंही. सुऱ्या सरांना द्यायच्या. परत आल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या सगळ्या पिशवीत भरून मागच्या गल्लीत न्यायच्या, चाकवाल्याकडून पुन्हा धार लावून आणायच्या, आणि ही गोष्ट सरांच्या कानावर जाऊ द्यायची नाही. हे काम माझ्याकडे का, तर ग्रंथपालाच्या पिशवीत काय आहे हे कोणी विचारत नाही. गुरुजींनी माझ्या पेशाविषयी काढलेला हा एकमेव चांगला शब्द.

नागपंचमी आली. बादलीही आली. सरांचा हात आता खिशातच असे. बादली त्यांनी डाव्या हाताने धरली होती. त्या वर्षी वर्कशॉपचं दार पहिल्यांदाच बंद होतं. आतून दगडाचा आवाज येत होता, सकाळपासून, एकसारखा, सर्र, सर्र, न अडखळता. बायको म्हणाली, आवाज तर छान येतोय. मी म्हणालो, आवाज म्हणजे धार नव्हे. हे वाक्य मला तेव्हा फार मार्मिक वाटलं होतं. दुपारी काकू चहा घेऊन मागे जाताना मी गॅलरीतून पाहिलं. ताटलीत अर्धा भरलेला पेला होता आणि शेजारी एक कपबशी. मी आयुष्यात शेकड्याने रहस्यकथा वाचल्या आहेत. त्यांचा मला त्या दिवशी काहीही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी सुऱ्या घरोघर गेल्या. "वा, सर." कागद कोणीही सोडला नाही. सोडून काय बघायचं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस सुऱ्या घेऊन मी मागच्या गल्लीत गेलो. चाकवाला ठरल्याप्रमाणे कडुलिंबाखाली सायकल लावून उभा होता. त्याने पहिला कागद सोडला, पात्यावर आडवा अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. दुसरा सोडला. तिसरा सोडला नाही.

"ह्या तर कालच लावल्या, भाऊ."

मी म्हटलं, हो, सरांनीच लावल्या आहेत, म्हणून तर तुझ्याकडे आणल्या.

"सरांनी नाही. म्या लावल्या. त्यायच्या वर्कशॉपात बसून."

मग त्याने सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी सर ऑटोने वलगावला त्याच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोने दिलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही. बाजेवर बसले आणि उजवा हात त्याच्यासमोर धरला.

"हलून राह्यला होता," तो म्हणाला. "मले म्हणे, पाह्य. कोन राहत नाही आता. एका बाईचा अंगठा कापला माह्यानं. तुहा हात पाह्यजे."

त्याला सरांनी अट घातली होती: चाक नाही, दगड. मागच्या दाराने सकाळी उजाडताच यायचं. काल दिवसभर त्याला बाकासमोर बसवलं, पहिल्या सुरीखाली दोन नाणी ठेवली, आणि जोर लागला की वीस वर्षांपूर्वीसारखं मनगटावर बोट मारलं. सोळाव्या सुरीनंतर बोट मारणं थांबलं.

"तेबी म्हणे कोणाले सांगू नको. तुमीबी म्हणता सरले सांगू नको." त्याने पिशवी माझ्याकडे सरकवली. "आता मी सांगू तं कोणाले? आन् तुमच्यापैकी एकानंबी कागद सोडून पाह्यलं नाही?"

पाहिलं नव्हतं. आम्ही सरांची दया करण्यात इतके गुंतलो होतो की एकवीसपैकी एकाही सुरीला हात लावला नव्हता. मी कडुलिंबाच्या पारावर बसलो आणि हसलो, आणि बराच वेळ उठलो नाही. वर्षभर मी एका म्हाताऱ्या माणसाला फसवण्याची तयारी करत होतो. तो एक दिवस आधीच मोकळा झाला होता. इतकं हलकं मला पहिल्या पगारालाही वाटलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण ते सुखाचं आहे आणि सुखाचं फार लांबवू नये. पुढच्या नागपंचमीला वर्कशॉपचं दार उघडं होतं. बाकाशी चाकवाला बसला होता आणि सर स्टुलावर बसून सूचना देत होते. म्हणजे ते पुन्हा निर्देशक झाले होते आणि पूर्वीपेक्षा दुप्पट असह्य. चाकवाला आता फाटकासमोर सायकलवरून उतरत नाही. उलट तिथेच जोरात ओरडतो आणि सर आतून "जोर कमी" असं ओरडतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही अकोल्याला परतलो. निघताना सरांनी आम्हाला धारेचा एक दगड आणि दोन नाणी दिली. आमची नागपंचमी इथे एकट्यानेच होते. शेजाऱ्यांच्या सुऱ्या मागायला जाण्याइतका मी अजून सर झालेलो नाही.

पण सांगायची राहिली ती त्या सकाळची गोष्ट. मी पिशवी घेऊन परत आलो तेव्हा सर फाटकाजवळच्या ओट्यावर बसले होते. एकवीस सुऱ्या लपवता येतात, त्यांचा आवाज लपवता येत नाही. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मागच्या गल्लीच्या दिशेने पाहिलं.

"सांगतलं त्यानं?"

मी हो म्हटलं.

मग वर तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली आणि एक टमाटा आणायला सांगितलं. ती घेऊन आली. मी हिरव्या धाग्याची सुरी काढली, कागद सोडला. सरांनी ती तिच्या हातात दिली. तिने टमाट्यावर ठेवून मागे ओढली. सुरी आत गेली, रस ओट्यावर आला. आजवर तो शब्द त्यांचाच होता; त्या दिवशी ते तो दुसऱ्या कोणाकडून ऐकायला थांबले होते.

"उतरली, सर," बायको म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग खिशातून उजवा हात काढला. तो हलत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"बाई, अंगठा दाखवा."

तिने दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, उजेडाकडे वळवला, एक डोळा मिटला आणि सुरी पाहावी तसं मुळाकडून टोकाकडे पाहत गेले. टाक्यांची खूण अजून होती, पण ती आता दुखत नव्हती.

"रेघ दिसून राह्यली," ते म्हणाले.

"दिसून राह्यली ना," बायको म्हणाली. "म्हणजे बोथट झाली, सर."